दर सांगताना आवाज बसतो: घरगुती खाद्यव्यवसाय आणि अबोल स्वभाव

मेतकूट_भात (प्रश्न)

नमस्कार. नाशिकला घरगुती व्यवसाय आहे: थालीपीठ भाजणी, उपवासाची भाजणी आणि मेतकूट. महिन्याला साधारण ४० किलो माल ओळखीपाळखीत जातो. उद्यम (छोट्या उद्योगाची सरकारी नोंदणी) आणि एफएसएसएआय (अन्नसुरक्षेची नोंदणी), दोन्ही झालेल्या आहेत. भाजणीच्या अर्ध्या किलोच्या पाकिटाची छापील किंमत १३० रुपये.

मालाबद्दल तक्रार येत नाही. घोडं अडतं ते बोलण्यात. दुकानदाराला दर सांगितला की तो काही म्हणायच्या आतच "कमी करता येईल" असं तोंडातून निघून जातं. थकलेले पैसे मागायला फोन उचलवत नाही. प्रदर्शनात स्टॉल घ्यायचा तर दहा तास अनोळखी माणसांशी बोलायचं, या विचारानंच दमायला होतं. "बोलणाऱ्याची माती विकते" हे ऐकून ऐकून कान किटले आहेत. स्वभाव बदलायचा नाहीये, व्यवसाय वाढवायचा आहे. धीर देणारे चार शब्द नकोत, पायऱ्या हव्यात. सुरुवात कुठून करावी?

---

हिशोबाची_वही

ताई, सुरुवात कागद-पेनापासून. "कमी करता येईल" हे निसटतं त्याला बहुतेक वेळा स्वभाव जबाबदार नसतो. किती कमी करता येईल हा आकडा आपल्याकडे नसतो, म्हणून तो समोरच्याच्या चेहऱ्यावर शोधला जातो. आकडा पक्का असला की कमी बोलून भागतं.

१० किलो कच्च्या धान्याचा एक घाणा धरू. खालचे दर नमुन्यादाखल आहेत, तुमच्या बाजाराचे घाला. धान्य, डाळी, धने-जिरे मिळून ६०० रुपये. गॅस ९०. दळण ८०. भाजताना ओलावा उडतो, गिरणीत थोडं पीठ राहतं, तेव्हा हाती ९ किलो धरा. म्हणजे अर्ध्या किलोची १८ पाकिटं. पाकीट आणि लेबल नगाला ९ रुपये, म्हणजे १६२. ने-आण १००. निवडणं, भाजणं, भरणं याचे पाच तास, तासाला ८० प्रमाणे ४००. बेरीज १४३२. पाकिटामागे ८० रुपये.

ती ४०० ची ओळ बहुतेक जणी लिहीतच नाहीत. ती गाळली की पाकीट ५७ रुपयांत पडल्यासारखं दिसतं, आणि मग १३० सांगताना आपण कुणाला लुबाडतोय असं वाटून आवाज बसतो. आपल्या पाच तासांचे पैसे वहीत आले की तोच दर सरळ तोंडाने सांगता येतो. हे करून बघाच, कारण निम्मं दुखणं इथं आहे.

आता दुकानदाराचा हिस्सा. तो "२० टक्के" म्हणाला की आधी विचारा: छापील किमतीवर की खरेदीवर? छापील किमतीवर २० टक्के म्हणजे २६ रुपये, तुमच्या हाती १०४. खरेदीवर २० टक्के म्हणजे १३० भागिले १.२, तुमच्या हाती १०८ रुपये ३३ पैसे. एका प्रश्नाने पाकिटामागे सव्वाचार रुपये वाचू शकतात.

१०४ मिळाले तर दहा पाकिटांवर २४० उरतात. दहातलं एक परत आलं (ते टाकूनच द्यावं लागतं) तर नऊचे ९३६, खर्च मात्र दहाचा ८००, उरले १३६. दुकानदाराला ३० टक्के दिले आणि वर एक परत घेतलं तर ८१९ वजा ८००, दहा पाकिटांचे एकोणीस रुपये! उलट २५ टक्के देऊन "परत घेणार नाही" ठरवलंत तर ९७५ वजा ८००, म्हणजे १७५. सगळे टक्क्यांवर घासाघीस करत बसतात आणि परतीची अट बोलायची राहून जाते.

एका छोट्या कार्डावर तीनच ओळी लिहा: एक, सुरुवात २० टक्के; दोन, शेवट २५ टक्के, तोही परतीशिवाय; तीन, याच्या पुढे "हिशोब बघून उद्या कळवते". कार्ड पर्समध्ये ठेवायचं. तिसरी ओळ महत्त्वाची आहे. जागच्या जागी उत्तर द्यायचं बंधन कुणीही घातलेलं नाही.

---

दुकानाच्या_पायरीवर

वरच्या हिशोबात भर घालते, दुकानात नेमकं काय करायचं ते.

वेळ आधी. महिन्याचा पहिला आठवडा टाळा, लोक महिन्याचा किराणा भरत असतात आणि दुकानदार मान वर करत नाही. सणाच्या आधीचे आठ दिवसही नकोत. सकाळी साडेअकराच्या पुढे, किंवा दुपारी बंद असणारं दुकान उघडल्यावर पहिल्या पंधरा मिनिटांत जा. गिऱ्हाईक काउंटरवर असेल तर बाजूला थांबा. त्याच्यासमोर दर बोलायला दुकानदारालाही आवडत नाही.

सोबत दोन पाकिटं, एक पानी दरपत्रक आणि चलनबुक (माल दिल्याची नोंद आणि सही घ्यायचं पुस्तक). बोलायचं ते एवढंच:

"नमस्कार. भाजणी आणि मेतकूट बनवते, इथलंच उत्पादन आहे. छापील किंमत १३०, तुम्हाला १०४ ला. पहिल्या खेपेला सहाच पाकिटं ठेवा, पंधरा दिवसांनी येऊन बघते."

आणि मग गप्प. मनात दहापर्यंत आकडे मोजा. दर सांगितल्यानंतरची ही शांतता भरून काढायला गेलं की सूट निघून जाते. या जागी अबोल माणूस जिंकतो, कारण गप्प बसणं त्याला जमतं. फक्त ते ठरवून करायचं. तेवढ्या वेळात दुकानदार पाकीट उलटं करून मागची बाजू वाचतो. तिथे एफएसएसएआयचा १४ आकडी क्रमांक, शाकाहाराची हिरवी खूण, घटक उतरत्या प्रमाणात, पोषणमूल्यांचा तक्ता, निव्वळ वजन, सर्व करांसहित किंमत, उत्पादनाची तारीख, किती दिवसांत वापरावं, नाव-पत्ता आणि ग्राहकासाठी फोन नंबर असायला हवा. तारीख पेनाने लिहिलेली असेल किंवा पुसली जात असेल तर चांगला माल नाकारला जातो. पाकीट फळीवर उभं राहत नसेल तरी तेच. आडवं पडलेलं पाकीट मागे जातं आणि तिथेच जुनं होतं. तळाला घडी असलेलं, स्वतःच्या तळावर उभं राहणारं पाकीट घ्या. बारकोड साध्या किराणा दुकानाला लागत नाही. मोठी साखळी दुकानं मागतात. तो जीएस१ इंडिया या बारकोड देणाऱ्या संस्थेकडून घ्यायचा, आपल्याकडचा क्रमांक ८९० ने सुरू होतो.

एका दिवशी तीनच दुकानं करा, लागोपाठ सात-आठ नकोत. चौथ्या दुकानात आवाजातला थकवा ऐकू येतो आणि त्याचा अर्थ "मालात दम नाही" असा घेतला जातो.

---

मेतकूट_भात

फार उपयोगी, धन्यवाद. ४०० ची ओळ खरंच वहीत नव्हती. दोन प्रश्न राहिले. "माल ठेवून जा, विकला की पैसे" असं म्हणाले तर? आणि "मिस्टरांना पाठवा, त्यांच्याशी बोलतो" याला काय उत्तर द्यायचं?

---

दुकानाच्या_पायरीवर

दुसऱ्याचं आधी: "व्यवहार मीच बघते, बिलावर सहीही माझीच असते." एवढंच, आणि चलनबुक उघडायचं. स्पष्टीकरण देत बसलात तर तो विषय चर्चेचा होतो. बिलावर, दरपत्रकावर आणि यूपीआयला दिसणाऱ्या नावात तुमचंच नाव येऊ द्या. पैसे घरातल्या दुसऱ्याच्या खात्यात जात असतील तर दुकानदार उद्या त्यांनाच फोन करणार.

"विकला की पैसे" नव्या मालाला काही ठिकाणी मान्य करावं लागतं, पण मोजून. सहा पाकिटं, एकच महिना, चलनावर सही-शिक्का आणि खाली एक ओळ: "दर १५ दिवसांनी शिल्लक मोजून विकलेल्या मालाचे पैसे". पंधराव्या दिवशी जाऊन फळीवरची पाकिटं हाताने मोजायची. तोंडी "आहेत अजून" यावर परत फिरायचं नाही. एक महिन्यानंतर रोख किंवा बंद.

---

वसुली_बुधवारी

पैसे मागण्याबद्दल. "भीड भिकेची बहीण" आपल्याकडे उगाच म्हणत नाहीत. पण भीड मोडायची म्हणजे आवाज चढवायचा असं अजिबात नाही. मागणीला वेळापत्रक लावलं की ती आपली व्यक्तिगत मागणी राहत नाही.

बिलावरच "देय तारीख" छापा, "१५ दिवस" असं मोघम नको. देय तारखेच्या दोन दिवस आधी व्हॉट्सॲपवर बिलाचा फोटो आणि ओळ: "बिल क्र. ४७, ६२४ रुपये, शुक्रवारी देय आहे. क्यूआर सोबत जोडला आहे." देय दिवशी काही नाही. पैसे आले नाहीत तर त्यानंतरच्या वसुलीच्या दिवशी (तो कोणता ते खाली आहे) एक फोन, तरीही नाही आले तर मेसेज: "मागचं बिल जमा झालं की पुढचा माल त्याच दिवशी पोचवते." या वाक्यात तक्रार नाही, फक्त क्रम आहे. उधारी कधीही एका खेपेपेक्षा जास्त होऊ द्यायची नाही, ही खरी तटबंदी. तीन खेपा थकल्या की आपण दुकानदाराला दुखवायला घाबरतो, कारण पैसे अडकलेले असतात.

व्हॉट्सॲप बिझनेसमध्ये हे सगळे मजकूर झटपट उत्तरं म्हणून साठवून ठेवा. तिरपी रेघ आणि "देय" टाइप केलं की पूर्ण मजकूर येतो, फक्त आकडे बदलायचे. आयत्या वेळी शब्द शोधताना जी घालमेल होते ती वाचते. वसुलीचे सगळे फोन आठवड्यातून एकाच दिवशी, एकाच तासात करा. बुधवारी ११ ते १२ म्हणा. रोज एक फोन डोक्यावर टांगता ठेवण्यापेक्षा हे पुष्कळ सोपं. फोनआधी वहीत तीन गोष्टी: बिल नंबर, रक्कम, आणि त्याच्याकडून हवी असलेली तारीख. "बघतो" हे उत्तर आलं तर विचारायचं, "शुक्रवार लिहू की शनिवार?" आणि फोन ठेवल्यावर "बोलल्याप्रमाणे शनिवार" असा मेसेज.

कायदाही माहीत असू द्या. २००६ च्या एमएसएमईडी (सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योग विकास) कायद्याप्रमाणे नोंदणीकृत सूक्ष्म किंवा लघु उत्पादकाचे पैसे लेखी करार असेल तर त्या मुदतीत, पण जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यावे लागतात. करार नसेल तर १५ दिवसांत. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट, मासिक चक्रवाढीने व्याज. उद्यम नोंदणी माल देण्याच्या आधीची हवी. तक्रार सरकारी पोर्टलवरून सुविधा परिषदेकडे (अशा थकबाकीचे वाद सोडवणारी सरकारी समिती) जाते. ६२४ रुपयांसाठी कुणी तिथे जाऊ नये, तिथे माल थांबवणं हेच औषध. पण कॅन्टीन, हॉटेल, कंपनी असा मोठा खरेदीदार आला की बिलावर उद्यम क्रमांक आणि "देय मुदत एमएसएमईडी कायद्यानुसार" ही ओळ छापलेली असावी. त्यांचा हिशोबनीस ती ओळ ओळखतो, कारण असे पैसे मुदतीत न दिल्यास तो खर्च पैसे प्रत्यक्ष दिले त्याच वर्षीच्या आयकरात धरता येतो. तुम्हाला एक शब्द बोलावा लागत नाही.

---

सायंकाळची_फेरी

सगळं लिहून दिलं तरी तोंड उघडावं लागणारच, त्याचा सराव कसा करायचा ते कुणी लिहिलं नाही.

आधी एक फरक ओळखा. अंतर्मुख असणं म्हणजे माणसांत राहून शीण येणं, भिडस्त असणं म्हणजे समोरचा काय म्हणेल याची धास्ती. पहिल्याला विश्रांती लागते, दुसऱ्याला सराव. तुमच्या प्रश्नात दोन्ही दिसतात: स्टॉलचं दमणं पहिल्यातलं, दराचं निसटणं दुसऱ्यातलं.

सराव विक्रीच्या फोनने सुरू करू नका, खरेदीच्या फोनने करा. पहिल्या आठवड्यात पाच फोन: पाकिटांचे व्यापारी, लेबल छापणारे, घाऊक डाळवाले. "अर्ध्या किलोचं पाकीट, एक हजार नग, दर काय? पाच हजाराला काय?" इथे गिऱ्हाईक तुम्ही आहात, नकार मिळायची सोयच नाही. शिवाय दर विचारून "कळवते" म्हणून फोन ठेवायची सवय लागते, जी पुढे दुकानात लागणार आहे. त्याच फोनांतून तुमचा ९ रुपयांचा आकडा ८ वर आला तर १८ पाकिटांच्या घाण्याला १८ रुपये वाचले.

दुसऱ्या आठवड्यात जुन्या ग्राहकांना पाच फोन, प्रश्न एकच: "मागचं पीठ संपलं का, आणि त्यात काय बदल हवा?" तिसऱ्या आठवड्यात घरापासून लांबच्या भागातली तीन दुकानं, तिथे फसलं तरी रोज तोंड दाखवायचं नसतं. ज्या दुकानात माल लागावा असं मनापासून वाटतं ते सगळ्यात शेवटी.

दुकानाची ती चार वाक्यं मोबाईलवर रेकॉर्ड करा आणि ऐका. आरशासमोर म्हणू नका, चेहऱ्याकडे लक्ष जातं. ऐकताना दोनच गोष्टी तपासा: "१०४" हा आकडा वाक्याच्या शेवटी विरतोय का, आणि त्याच्यापुढे "म्हणजे", "तसं", "पण" येतंय का. बहुतेकींचा आवाज नेमका आकड्यावर खाली जातो. आकड्यानंतर पूर्णविराम, श्वास, तोंड बंद. दिवसाला पाच वेळा, दहा दिवस.

आणि छाती धडधडणं, हात थरथरणं, फोन वाजला तरी घाबरणं असं महिनोन्‌महिने चालू असेल तर ते व्यवसायाच्या सल्ल्याने जाणार नाही. टेली-मानस या मानसिक आरोग्य सेवेचा १४४१६ हा सरकारी क्रमांक मोफत आहे, मराठीत बोलता येतं.

---

उन्हाळी_वाळवण

मला थोडं वेगळं वाटतं. प्रत्येकीनं विकायला शिकलंच पाहिजे असं कुठे आहे? १५ मार्च १९५९ ला गिरगावात सात जणींनी ८० रुपये उसने घेऊन पापड लाटायला सुरुवात केली, पहिल्या दिवशी चार पाकिटं. त्यातून उभ्या राहिलेल्या लिज्जतमध्ये लाटणारी बहीण विकायला जात नाही. पीठ केंद्रावर मळलं जातं, ती घरी नेऊन लाटते, पापड जमा करून मजुरी घेते. वितरणाची व्यवस्था वेगळी. काम वाटून घेणं हाच तिथला पाया.

तुम्हीही बिलाच्या ८ टक्के कमिशनवर एखादी बोलकी मैत्रीण फिरतीला ठेवू शकता. १०४ वर ८ रुपये ३२ पैसे गेले तरी पाकिटामागे साडेपंधरा रुपये उरतात. अटी तीनच: दर तिने बदलायचा नाही, पैसे थेट तुमच्या खात्यात, कमिशन पैसे जमा झाल्यावरच. तिसरी अट विसरलात तर ती भराभर उधारीवर माल टाकत सुटेल.

---

हिशोबाची_वही

कमिशनचा हिशोब बरोबर आहे, पण पहिली दहा दुकानं ताईंनी स्वतःच करावीत. नकार का मिळाला हे मधल्या माणसाकडून कधीच जसंच्या तसं येत नाही. "घेत नाहीत" एवढंच कळतं. पाकीट आडवं पडतंय, २५० ग्रॅमचं हवंय, शेजारच्या पाकिटावर दोन महिने लिहिलंय आणि आपल्यावर एकच, हे फळीसमोर उभं राहूनच दिसतं. दहानंतर जरूर माणूस ठेवा. शिवाय पुढे सरकारच्या मुद्रा योजनेतलं शिशु कर्ज घ्यायचं झालं (५० हजारांपर्यंत, तारणाशिवाय) तर बँकेत पहिला प्रश्न "माल कुठे जातो?" हाच येतो. तिथे दहा दुकानांची नावं आणि तीन महिन्यांची बिलं टेबलावर ठेवली की मुलाखत निम्मी होते. दुसऱ्याकडून करून घेतलेला चकचकीत प्रकल्प अहवाल नेला आणि त्यातला एक आकडा समजावता आला नाही, की तिथे खरी अडचण होते.

---

भीमथडीचा_कोपरा

स्टॉलचं राहिलं. पुण्याची भीमथडी, मुंबईचं महालक्ष्मी सरस अशा मोठ्या प्रदर्शनांच्या गर्दीत लगेच उडी नको. आधी सोसायटीतलं किंवा महिला मंडळाचं एका दिवसाचं प्रदर्शन घ्या.

दोघी हव्यात. एक तव्यावर आणि पैशांवर, एक बोलायला. अबोल बाईने तव्यामागे उभं राहावं. हात कामात असले की बोलणं आपोआप थोडकं आणि नेमकं होतं, आणि लोकही थालीपीठ थापणाऱ्या हाताकडे बघत थांबतात. टेबलामागे खुर्ची टाकून मोबाईल बघत बसणं मात्र नको, माणसं बाजूने निघून जातात. दर दीड तासाने दहा मिनिटं मंडपाबाहेर, एकटीनं. ही विश्रांती आधीच ठरवून घ्या. दमल्यावर घेतली तर पुरत नाही.

नेहमी विचारले जाणारे प्रश्न सहा-सातच असतात. त्यांची उत्तरं मोठ्या अक्षरात फलकावर: किंमत, किती दिवस टिकतं, तिखट-मीठ घातलेलं आहे का, अर्ध्या किलोत किती थालीपिठं होतात, घरपोच मिळतं का. फलक वाचून आलेला माणूस "दोन द्या" म्हणतो. बोलायचंच झालं तर "घ्या ना ताई" नको. पीठ मळताना म्हणा, "कोमट पाण्यात मळून दहा मिनिटं झाकून ठेवलं की कडा फाटत नाहीत." कामाची गोष्ट सांगणाऱ्याला विकल्यासारखं वाटत नाही आणि ऐकणारीला घेतल्याचं समाधान मिळतं.

चवीचा हिशोब: ५० ग्रॅम पिठाचं एक थालीपीठ, अर्ध्या किलोत दहा, प्रत्येकाचे आठ तुकडे. ८० माणसांची चव एका पाकिटात, ८० रुपये अधिक तेल आणि लोणी. तुकडा दोन बोटांएवढा. मोठा दिला तर पोट भरतं आणि माणूस चालू लागतो.

---

मेतकूट_भात

इंडक्शन नेलं तर चालेल का? गॅसला परवानगी नाही म्हणतात.

---

भीमथडीचा_कोपरा

अर्ज भरतानाच लेखी विचारा की पॉइंट किती अँपिअरचा मिळेल. साधा ६ अँपिअरचा पॉइंट २३० व्होल्टला जेमतेम १३८० वॉट पेलतो, आणि घरगुती इंडक्शन बहुधा १८०० ते २००० वॉटचं असतं. पूर्ण आचेवर लावलं की फ्यूज उडतो आणि शेजारचे चार स्टॉल अंधारात जातात. १५ किंवा १६ अँपिअरचा पॉइंट पैसे भरून मागा. तो नसेल तर शेगडी १००० वॉटवर ठेवून चालवा, थालीपिठाला तशीही मंद आच लागते. फक्त एकाला तीनऐवजी पाच-सहा मिनिटं धरा. तवा सपाट बुडाचा, लोखंडी किंवा बिडाचा. ॲल्युमिनियमचा इंडक्शनवर तापणार नाही.

वीज मिळालीच नाही तर भाजणीची चव विसरा, कच्चं पीठ कुणाला चाखायला देता येत नाही. मेतकूट न्या. घट्ट दह्यात कालवून, वर हिंग-मोहरीची गार झालेली फोडणी, लहान चमच्याने. दही बर्फाच्या डब्यात, एका वेळी पाव किलोच कालवायचं. एक-दीड तासात ते आंबट होऊन पाणी सुटतं आणि तेव्हा ते टाकून नवीन करायचं.